इकडेपण

मार्चमधला रविवार होता. साडेचारच्या सुमाराला आभाळ एकदम जांभळटकाळं झालं, पाखरं गप्प झाली आणि समोरच्या पार्किंगच्या पत्र्यावर कुणीतरी मूठमूठ खडे भिरकावावेत तसा आवाज सुरू झाला. चौथीतली लेक गॅलरीतून किंचाळली, "आई, गारा!" आणि ओट्यावरची वाटी उचलून, चपला न घालता जिन्यावरून पळाली. खाली सोसायटीतली सगळी पोरं जमली होती. कुणी बादली आणली होती, कुणी टोपी उलटी धरली होती, आणि एरवी पोरांना चेंडू खेळू न देणारे तळमजल्यावरचे काका स्वतःच वाकून गारा वेचत होते. मी मोबाइल काढला आणि पंचवीसेक सेकंदांचा व्हिडिओ करून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "पुण्यात गारा!!!" तीन उद्गारचिन्हं आणि एक नाचणारी बाई. आत्याचा बदाम आला. भावाने 'भजी टाका' असं सुचवलं. तासाभराने निफाडच्या मामांचं उत्तर आलं. एकच शब्द.

"इकडेपण."

मामांची चार एकर द्राक्षबाग आहे. मार्च म्हणजे माल उतरवायचे दिवस. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून दर मार्चमध्ये आमच्या घरी मामांकडून पेटी येते, रद्दीच्या कागदात आणि पुठ्ठ्यात बसवलेली, आणि ती उघडल्यावर घरभर जो वास सुटतो त्याला मी आजही 'परीक्षेचा वास' म्हणते. माहीत होतं, पण त्या पंचवीस सेकंदांत आठवलं नाही. मी घाईघाईने व्हिडिओ सगळ्यांसाठी डिलीट केला. त्याने झालं इतकंच, की ग्रुपवर 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी ओळ राहिली आणि तिच्याखाली मामांचं 'इकडेपण' तसंच. आता तर ते जास्तच एकटं दिसत होतं. फोन करावा म्हटलं, पण काय बोलायचं ते सुचेना. लेक वर आली तेव्हा तिच्या वाटीत वाटाण्याएवढ्या दहाबारा गारा होत्या. "फ्रीजरमध्ये ठेवू?" तिने विचारलं. ठेव म्हटलं.

गारांचं आणि माझं नातं मामांच्या अंगणातच जुळलं, हा त्यातला आणखी एक तिढा. तेव्हा तिथे द्राक्षं नव्हती. गहू, हरभरा आणि विहिरीलगत थोडा ऊस. गारा पडायला लागल्या की आम्ही भावंडं डोक्यावर पोतं घेऊन अंगणात उतरायचो. गार तोंडात टाकली की आधी जीभ बधिर व्हायची, मग दातांतून सणक जायची आणि शेवटी एक मातकट, लोखंडासारखी चव उरायची. आजी मात्र ओसरीतून उठून आत जायची आणि हाताला लागेल ती लोखंडी वस्तू, कधी विळा, कधी उलथनं, अंगणात फेकायची. गारा थांबतात म्हणे. आम्हाला तो खेळाचाच भाग वाटायचा. उलथनं खणकन वाजलं की आम्ही टाळ्या पिटायचो. आजीचा चेहरा कसा होता ते आठवायचा मी गेले कित्येक दिवस प्रयत्न करते आहे. उलथनं आठवतं, त्याचा आवाज आठवतो, चेहरा आठवत नाही. तिच्याकडे कुणी बघतच नसावं.

द्राक्षं नंतर आली, आणि मामांच्या बोलण्यात आभाळ आलं. आधीही ते असणारच, पण गहू-हरभऱ्याच्या काळात मामा दिवसातून दोनदा वर बघत असतील तर आता वीसदा बघतात. द्राक्षबाग ही वर्षभर कूस वळवत राहणाऱ्या तान्ह्या पोरासारखी असते. एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्यानंतर फुटलेल्या नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीचे घड आतल्या आत तयार होतात, आणि त्याला ऊन लागतं. म्हणजे आपण मे महिन्यात 'बरं झालं बाई, ढग आले' म्हणतो, त्या ढगांचा हिशेब बागेत दहा महिन्यांनी निघतो. २०२५ च्या मेमध्ये पाऊस इतका लवकर आला की मुंबईला सव्वीस तारखेलाच मॉन्सून पोहोचला. आम्ही रेनकोट शोधत होतो. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाल्यावर मामांचा फोन आला, "फूट जोरात आहे, पण काडीत घडच नाहीत गं." जे थोडे दिसतात तेही कधी कधी डोळ्यांदेखत जिरतात. घडाची बाळी होते, म्हणजे जिथे द्राक्षं लागायची तिथे नुसता कुरळा तंतू उरतो. हे ऐकल्यापासून मला कुणाच्या कानातली बाळी बघितली तरी तो तंतू आठवतो. मग फुलोऱ्यात पाऊस आला तर डावणी नावाचा बुरशीचा रोग आणि गळ. दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारवा यांच्यात फार अंतर पडलं तर हिरवे मणी गुलाबी पडतात, निर्यातीचा माल बाद होतो. म्हणून एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. मण्यात पाणी उतरलं, साखर भरायला लागली की मग फक्त पंधरावीस दिवस काढायचे असतात. मामी त्याला 'शेवटचे दिवस' म्हणते, बाळंतिणीचे म्हणतात तसे.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनंतर मी पहिल्यांदा गारपीट झालेली बाग बघितली. कित्येक दिवस महाराष्ट्रात कुठे ना कुठे गारा पडतच होत्या. मी गेले तेव्हा त्या विरघळून दोन दिवस झाले होते. मला वाटलं होतं, सगळं पांढरं, भुईसपाट असं काहीतरी दिसेल. तसं नव्हतं. मांडव उभा होता. वेलीही उभ्या होत्या. फक्त वर पानं नव्हती, त्यामुळे जिथे नेहमी हिरवा काळोख असतो तिथे लख्ख ऊन पडलं होतं. घडांभोवतीच्या कागदाचा लगदा होऊन तो मण्यांना चिकटला होता आणि त्यावरची अक्षरं उलटी उमटली होती. खाली चिखलात मणी. प्रत्येक मण्याला एक चीर, इतकी बारीक की हातात घेतल्याशिवाय कळू नये. वास मात्र लपण्यासारखा नव्हता. चेंगरलेल्या पाल्याचा आंबूस हिरवा वास, आणि त्याच्या खालून आंबायला लागलेल्या साखरेचा. चिलटांचे ढग होते. काडीवर जिथे जिथे गार लागली होती तिथे साल उडून जखम झाली होती, आणि ती बघत मामांचे शेजारी म्हणाले, "यंदाचं गेलं ते गेलं, ही काडी पुढच्या सालालाबी लंगडी."

ती बाग शेजाऱ्यांची होती. मामांच्या बागेत एक पान फाटलं नव्हतं.

गारा अशाच पडतात. पावसासारख्या सगळीकडे नाही. ढग पुढे सरकत जातो आणि त्याच्या पोटातून एक पट्टा खाली सांडत जातो, कधी कोसभर रुंद, कधी चारदोन शेतांएवढा. त्या वर्षी पट्टा ओढ्याच्या पलीकडून गेला. मामा अलीकडे. ओढा असा काय मोठा? उन्हाळ्यात आम्ही उडी मारून ओलांडायचो. पण त्या मार्चमध्ये ओढ्याच्या एका बाजूला पंचनामा होता आणि दुसऱ्या बाजूला व्यापारी. माल कमी झाला, त्यामुळे वाचलेल्या मालाला भाव चढला. मामांना तोपर्यंत कधी मिळाला नव्हता असा दर मिळाला. त्यातून घराची वरची खोली झाली. मी आजही गेले की त्याच खोलीत झोपते. मामी मात्र तिला कधी 'नवी खोली' म्हणाली नाही, 'गारपिटीची खोली' म्हणते. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "त्या साली पेढे वाटायचे का नाही तेच समजंना. मग नाही वाटले." बाजूच्या बाईला तोंड कसं दाखवायचं म्हणून ती पंधरा दिवस पाणी भरायला दुसऱ्या वाटेने जात होती. मला हे तेव्हा फार भाबडं वाटलं होतं. काय चूक होती हिची?

आता मला उलट वाटतं, की त्या ओढ्यावर मी आयुष्यभर अलीकडच्या काठावर उभी आहे आणि मला वाट बदलायचं कधी सुचलं नाही.

आमच्या घरी आई अजून वर्षाचा गहू एकदम भरते. एप्रिल-मेमध्ये दुकानात जायचं, पोत्यात हात खुपसायचा, मूठभर गहू तळव्यावर घेऊन फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली धरून 'कट्' आवाज ऐकायचा. २०२२ साली तिने दाणा चावला आणि दुकानदाराकडे असं बघितलं की जणू त्यानेच तो आतून पोखरला होता. "हलका आहे हो." तो म्हणाला, "काकू, यंदा सगळीकडे हेच. मार्च तापला ना." खरंच तापला होता. देशात १९०१ पासून नोंदी ठेवतात, त्यांत इतका तापलेला मार्च नव्हता. पंजाब-हरियाणात गव्हाचा दाणा दुधावरून भरत येतो नेमक्या त्या दिवसांत ऊन आलं. गव्हाला अशा वेळी ऊन लागलं की तो घाई करतो, पिकायचे दिवस आवरते घेतो, आणि दाणा अर्धाच भरून सुरकुततो. अकरा कोटी टनांच्या वर गहू येणार असा अंदाज होता, तो मे महिन्यात साडेदहा कोटींच्या घरात आला. तिकडे युक्रेनचं युद्ध पेटलेलं, जग आपल्या गव्हाकडे बघत होतं, आणि १३ मे रोजी आपण निर्यात बंद केली. आईने नेहमीपेक्षा दहा किलो जास्त भरला. "असू दे घरात." मला तिचं कौतुकच वाटलं होतं. आमच्या घरातल्या त्या दहा किलोंनी कुणाचं काय अडलं? पण असं प्रत्येक घराने म्हटलं की त्याचा भाव होतो, आणि प्रत्येक देशाने म्हटलं की त्याची बंदी.

पुढच्याच वर्षी ओढा उलट्या बाजूने दिसला. २० जुलै २०२३ ला आपण बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. पाऊस लहरी होता, एल निनोची भीती होती. (आणि भीती काही खोटी नव्हती, त्या सालचा ऑगस्ट शंभराहून अधिक वर्षांत सर्वांत कोरडा गेला.) दोनतीन दिवसांत अमेरिकेतल्या मावसबहिणीने फोटो पाठवला. देशी दुकानात माणसांची रांग, ढकलगाड्यांत सोना मसुरीच्या पोत्यांची थप्पी. तिने स्वतः सहा पोती घेतली होती. "गॅरेजमध्ये ठेवलीत, नवरा हसतोय," असं लिहून तिने हसरा चेहरा टाकला. मीही हसले. मग आम्ही दोघींनी त्यावर पुष्कळ विनोद केले, आजी असती तर काय म्हणाली असती वगैरे. आफ्रिकेतल्या ज्या देशांत आपला स्वस्त तांदूळ रोजच्या ताटात पडतो, त्या घरांत तेव्हा कुठले विनोद चालू होते ते आम्हाला कुणी पाठवलं नाही. आम्ही त्यांच्या ग्रुपवर नाही.

हा पट्टा मग मला सगळीकडे दिसायला लागला. खोड लागते तसं झालं. व्हिएतनामला कोरड पडली, ब्राझीलमध्येही कॉफीचं बरं नव्हतं, आणि २०२४ मध्ये कर्नाटकातल्या कोडगूच्या रोबस्टा कॉफीला तिथल्या लोकांनी कधी न पाहिलेला भाव आला. घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये आधी अतिपावसाने कोकोच्या शेंगा काळ्या पडून कुजल्या, मागून कोरडं वारं आलं, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कोकोचा दर टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. माझ्या लेकीला कळलं ते इतकंच, की तिचं आवडतं चॉकलेट बारीक झालंय. वेष्टन तेवढंच होतं. तिने ते उन्हात धरून, कडेची रिकामी जागा चिमटीत दाबून मला दाखवली, मामी चिरलेला मणी दाखवते तशी.

या सगळ्यात एक फोटो मात्र माझ्या मोबाइलमध्ये मी मुद्दाम ठेवला आहे. एप्रिल २०२१, फ्रान्स. पहाटेचा निळा अंधार, द्राक्षवेलींच्या लांबच लांब ओळी आणि ओळींमधून हजारो ज्योती. पहिल्या नजरेला त्रिपुरी पौर्णिमाच वाटते. मार्चच्या शेवटी तिकडे उन्हाळ्यासारखी ऊब आली होती, वेलींना वाटलं दिवस आले, डोळे फुटले, कोवळी हिरवी फूट बाहेर आली. आणि मग लागोपाठ तीनचार रात्री पारा शून्याखाली. शेतकऱ्यांनी मेणाचे डबे पेटवले, कुणी बागेवरून हेलिकॉप्टर फिरवली, वरची ऊबदार हवा खाली यावी म्हणून. तरी पुष्कळ गेलंच. त्यांच्या कृषिमंत्र्यांनी या शतकातलं शेतीवरचं बहुधा सर्वांत मोठं संकट म्हटलं त्याला. नंतर शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की फूट आल्यावर असं गोठण्याची शक्यता तापलेल्या हवामानामुळे साठ टक्क्यांनी वाढली आहे. थंडीने मारलं, पण दार उबेने उघडून दिलं होतं.

तो फोटो मी मामांना दाखवला होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो बोटांनी मोठा केला, वेलींतलं अंतर बघितलं, बुंधे बघितले. "बुटक्या ठेवतात वाटतं बागा." मग म्हणाले, "आमचंपण हेच की. फक्त मेणबत्त्या कुठल्या परवडायला." हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. दर डिसेंबर-जानेवारीत पेपरात बातमी येते, निफाडचा पारा घसरला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा असतो तो. आम्ही पुण्यात तो वाचून 'वा!' म्हणतो, शाल ओढतो, चहाचा दुसरा कप घेतो. त्याच पहाटे मामा बागेत असतात. जुन्या काड्या, उसाचं पाचट, मिळेल ते पेटवून बांधाबांधाने शेकोट्या धुमसवायच्या, आणि विहिरीचं कोमट पाणी ठिबकने सोडायचं. धुराने डोळे लाल झालेले असतात. सूर्य वर आला की पानावरचं दव वितळतं, आणि मग कळतं की मणी राहिले का तडकले. मामांनी फोन परत दिला आणि विचारलं, "मग त्या साली त्यांच्या वायनीला भाव काय निघाला?"

मला सांगता आलं नाही. ज्याची वाचली त्याला बरा मिळाला असणार, एवढंच म्हटलं. मामा ओढ्याकडे बघत नुसतं "हं" म्हणाले.

तर, या मार्चचं. फोन मी दुसऱ्या दिवशी सकाळी केला. मामांनी हिशेबनिसासारखं सांगितलं. पाच वीसला सुरुवात झाली, सात मिनिटं पडल्या. खालच्या दोन एकरांत काही उरलं नाही, वरच्या दोनमध्ये घड निवडून तुटके मणी कात्रीने काढावे लागतील. व्यापाऱ्याने बेचाळीसचा सौदा ठरवला होता, त्याचा फोन बंद लागतोय. विम्यासाठी बहात्तर तासांत कळवायचं असतं, ते कळवलं, पण फोटो काढताना हात हलला म्हणून परत काढायला सांगितलेत. पेठ-सुरगाण्याकडून तोडणीला आलेली वीस माणसं आहेत, त्यांनी काल रात्रीच गाठोडी बांधली. "त्यांना थांबा म्हणू का जा म्हणू?" मामांनी मला विचारलं. मला! मी काय सांगणार होते? त्या वीस जणांना ना पंचनामा, ना विमा. सगळ्या हिशेबात मामांचा आवाज एकदाच बदलला, तो याच वाक्याला. मग मीच चाचरत व्हिडिओचं काढलं. सॉरी म्हणाले. ते म्हणाले, "अगं, पोरं आहेत, नाचणारच. मी पण तुला सांगायला म्हणून लिहिलं, की इकडे पण पडल्या. तू का पुसलास?"

म्हणजे तो शब्द टोमणा नव्हता. का होता? मला अजून नक्की ठरवता येत नाही.

दहाबारा दिवसांनी मामा-मामी पुण्याला आले, मामांच्या डोळ्याच्या तपासणीला. हातात पेटी होतीच. वरच्या दोन एकरांतली, घड लहान, मधूनमधून मणी काढल्याने बोळक्या तोंडासारखे दिसणारे. चव नेहमीसारखी गोड होती. मी तसं म्हटलं आणि लगेच वाटलं, म्हणायला नको होतं. एवढ्यात लेक आतून वाटी घेऊन आली. फ्रीजरमधली. मी तिला खुणावलं, पण ती मामांच्या पुढ्यात जाऊन बसलीसुद्धा होती. "मामाआजोबा, ही बघा माझी गार!" दहाबारातल्या तीनच उरल्या होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. मामांनी त्या तळहातावर घेतल्या. खिडकीच्या उजेडाला धरून वळवून बघितल्या, फुंकर मारली, बोटाने वजन घेतल्यासारखं केलं, अगदी आई गहू बघते तसं.

"लहान आहेत," ते म्हणाले.

"मोठ्या पण होत्या, त्या विरघळल्या. तुमच्याकडे केवढ्या होत्या?"

"आमच्याकडं बोराएवढ्या."

"मग माझ्यासाठी नाही ठेवल्या?"

मामांच्या तळहातातून पाणी मनगटाकडे ओघळत होतं. त्यांनी गारा वाटीत ठेवल्या, हात लेंग्याला पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. "राहिलंच बघ. पुढच्या वेळी ठेवतो."

सोफ्याच्या कडेला बसून द्राक्षं धूत असलेल्या मामीने हात थांबवला. "पुढच्या वेळी म्हणू नका," ती म्हणाली, आणि पुन्हा एकेक घड पाण्यातून काढू लागली.